दोघांच्या वजनावर लावलेली गाडी

पुढची चाकं लावायला घेण्याआधी मिस्त्री प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारायचा.

"किती जण बसणार?"

गिऱ्हाईक म्हणायचं, पाच. नाहीतर म्हणायचं, आम्ही सगळेच. सुट्टीत बायको, मुलं, मेहुणा, मेहुण्याची मुलं, मागे सामान. मिस्त्री एका हातातलं फडकं दुसऱ्या हातात घ्यायचा.

"सुट्टीचं नको. रोजचं सांगा. रोज शेजारी कोण असतं?"

मग गिऱ्हाईक गाडीच्या काचेतून आत बघायचं, जणू ती सीट पहिल्यांदाच दिसतेय. "रोज काय, मी एकटाच."

"मग एकट्याचीच लावू."

यात मिस्त्रीला कुणाची चौकशी करायची नसायची. त्याचं कामच तसं होतं. लोक त्याच्याकडे साध्या पिकअप आणायचे आणि उंच करून न्यायचे. कारखान्यातून आलेले स्प्रिंगचे पाटे काढून तो स्वतः बनवलेले लोखंडी आर्म बसवायचा, लांब स्प्रिंगा घालायचा, स्टेअरिंगच्या दांड्या नव्याने कापून जोडायचा. अशी मऊ झालेली गाडी वजन ओळखायला लागते. एका बाजूला माणूस बसला आणि दुसरी बाजू रिकामी राहिली, तर ती नखभर कलते. तेवढ्यानेही चाकांचे कोन बदलतात आणि गाडी हळूच एका अंगाला ओढायला लागते. चालवणाऱ्याला कळतसुद्धा नाही. फक्त संध्याकाळी त्याचा एक खांदा जास्त दुखतो.

म्हणून सीटवर खरं वजन ठेवल्याशिवाय मिस्त्री चाकं सरळ करायचा नाही. गाडी माणसासारखी असते असं पुष्कळ मेकॅनिक म्हणतात. मिस्त्री कधी म्हणाला नाही. गाडी गाडीसारखी असते, म्हणूनच तिच्याशी जमतं, असं त्याचं मत होतं.

हे खरं वजन म्हणजे बरीच वर्षं त्याची बायको.

वर्कशॉप रस्त्याच्या टोकाला होतं आणि त्याच्याच मागे राहायच्या दोन खोल्या. मधल्या दारातून तो हाक मारायचा, "अगं, ये जरा." ती हात पुसत यायची, दाराच्या कडीला धरून वर चढायची आणि सीटवर बसायची. एकट्याची गाडी असली की स्टेअरिंगसमोर. बहुतेक वेळा मांडीवर काहीतरी शिवायला घेऊन. तो खाली, पाठीवर. चाकांच्या बाजूने दोरा ताणलेला. प्रत्येक चाकाखाली पत्र्याचे दोन तुकडे आणि त्यांच्यामध्ये ग्रीस, म्हणजे चाक जमिनीला न अडता फिरतं.

"उजवीकडे घे," खालून आवाज यायचा.

"घेतलं."

"जास्त झालं. मध्ये आण. आता हलू नकोस."

"हलले नाही."

"हललीस. दोरा सांगतोय."

"मग दोऱ्यालाच बसवा वर."

त्यांचा बराचसा संसार असा पत्र्याच्या आरपार झाला. भाजी काय करायची, मुलीचं शिक्षण, छताची गळती, सगळं. समोरासमोर बसल्यावर दोघांना बोलायला फारसं सुचायचं नाही.

मुलगी नर्स झाली आणि डोंगरावरच्या दगडखाणीच्या दवाखान्यात लागली. जावई तिथेच, दगड फोडायच्या मशीनवर. बाळंतपणासाठी आई तिच्याकडे गेली, बसने. खाणीच्या ट्रकांनी त्या रस्त्याची पार वाट लावलेली होती. वर पोचेपर्यंत तिची पाठ अशी धरली की तिला दोघांनी उचलून उतरवलं. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, काही दिवस आता या रस्त्याचं नाव काढू नका.

ते काही दिवस लांबले. नात बसायला लागली, चालायला लागली, मग फोनवर बोलायला लागली. फोन उचलला की पलीकडून हॅलो ऐकू येतं, म्हणून ती आजोबांना हॅलोच म्हणायची. "हॅलो जेवला का?" असं विचारायची. मग बायको फोन घ्यायची.

"जेवलात?"

"जेवलो."

"काय केलं होतं?"

"केलं होतं काहीतरी. पाठ कशी आहे?"

"आहे."

या 'आहे'चा अर्थ मिस्त्रीने आपल्या परीने लावला होता. पाठ दुखते आहे. रस्ता खराब आहे. ती अडकली आहे. भांडण झालेलं नव्हतं, कुणी कुणाला काही बोललेलं नव्हतं, मग दुसरं कारण असणार कुठलं? रस्ता दुरुस्त करणं त्याच्या हातात नव्हतं. गाडी होती.

वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक पिकअप उभी होती. एका गिऱ्हाइकाने हौसेने आणली आणि हौस संपल्यावर त्याच्याच गळ्यात टाकून गेला. मिस्त्रीने तिच्यावरचं सामान उतरवलं, ती लोखंडी घोड्यांवर, म्हणजे तिवयांवर, चढवली आणि पुढचा सगळा भाग उघडा केला.

शेजारचा टायरवाला येऊन उभा राहिला. त्याला सगळे पंक्चरशेठ म्हणायचे. दिवसभरात जितकी पंक्चरं काढायचा त्याहून जास्त वेळ तो मिस्त्रीच्या दारात असायचा.

"कुणाची रे?"

"माझी."

"तुला कुठे जायचंय?"

"तिला आणायला."

"वहिनींना? अरे, बस आहे की."

"तिची पाठ."

"मग सांभाळून चालव. त्याच्यासाठी नवी चासी?"

"चासी तीच आहे. पुढचं सस्पेन्शन नवं." मिस्त्री ग्राइंडरला कापायची चकती लावत म्हणाला, "मांडीवर कप ठेवला तर सांडायला नको."

"तू नवरा आहेस की हॉटेलवाला?" पंक्चरशेठ म्हणाला आणि बसायला एक टायर ओढून घेतला.

काम एकट्याने करायचं म्हणजे प्रत्येक गोष्ट दोनदा. पाइप धरायला कुणी नाही, म्हणून आधी शिकंजा बनवायचा, मग पाइप. वेल्डिंगचा टाका घालायच्या आधी उतरून दोन्ही बाजूंनी बघायचं. स्टेअरिंग एका जागी राहावं म्हणून ते दोरीने सीटला बांधायचं. तिच्या हातांच्या जागी आता ही दोरी होती. दोरी हलत नसे, ही एक सोय. आणि बोलतही नसे.

आर्म चांगले झाले. चूक झाली ती टायरॉडमध्ये. स्टेअरिंगपासून चाकापर्यंत जाणारी ही दांडी आणि चाकाला धरून ठेवणारा आर्म, दोघांना चाकाबरोबर वर-खाली डुलावं लागतं. दोघांचा झोका सारखा हवा. एकाची लांबी कमी पडली की खड्डा आल्यावर ती दांडी चाकाला ओढते आणि चाक आपल्या मनाने वळतं; स्टेअरिंग कुणी कितीही घट्ट धरलेलं असो. हे तपासायला मिस्त्रीने स्प्रिंगा काढल्या आणि जॅकने चाक हळूहळू वर चढवलं. अर्ध्यापर्यंत चाक सरळ राहिलं, मग आत वळायला लागलं. थोडंसंच. दुसऱ्या कुणाची गाडी असती तरी त्याने ते चालवून घेतलं नसतं, आणि ही तर त्याची होती. त्याने जोड कापला, बसवायची जागा खाली घेतली, पुन्हा टाके घातले. पुन्हा जॅक. पुन्हा कापला. शेवटी एका दुपारी चाक तळापासून टोकापर्यंत वर गेलं, खाली आलं आणि कुठेही वळलं नाही. त्याने मधल्या दाराकडे बघून "अगं" एवढंच म्हटलं, आणि मग जॅकचा दांडा काढून भिंतीला लावून ठेवला.

रात्रीच्या, सकाळच्या जेवणाला त्याला एकच ताट लागायचं. तेच धुवायचं, तेच घ्यायचं. मांडणीवरची बाकीची ताटं तशीच उभी. वरच्या कडेला ग्राइंडरची बारीक काळी धूळ बसलेली.

चाकं लावायची वेळ आली तेव्हा पंक्चरशेठने मुद्दाम विचारलं, "काय मिस्त्री, किती जण बसणार?"

"दोन."

"रोजचं सांग, सुट्टीचं नको."

मिस्त्रीने वाळूचं घमेलं ओढलं. त्याने स्वतःच्या वजनाचं एक पोतं वाळूने भरून स्टेअरिंगसमोर ठेवलं. दुसरं पोतं शेजारच्या सीटवर. त्यात किती वाळू घालायची हे त्याने तराजूवर ठरवलं नाही. ती बसली की सीट किती दबायची, हे त्याच्या डोळ्यांत होतं. तो घमेल्याने थोडी थोडी वाळू घालत गेला, मागे सरून बघत गेला. एका क्षणी सीट ओळखीची दबली. तेव्हा त्याने पोत्याचं तोंड बांधलं.

मग तो खाली गेला आणि दोघांच्या वजनावर गाडी सरळ लावली. फिरवून उंची ठरवायच्या स्प्रिंगांच्या बैठका, टायरॉडचे नट, सगळं. असं काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं.

मिस्त्री निघताना पंक्चरशेठ टायरांतली हवा बघून उठला. "शेजारचं पोतं राहू दे की. जाताना गाडी ओढेल तुझी."

"तिच्या जागेवर पोतं घेऊन जाऊ तिच्या दारात?" मिस्त्रीने पोतं उतरवलं.

गाडीने ओढलंच. सपाट रस्त्यावरही त्याला स्टेअरिंग थोडं वळवून धरावं लागत होतं. डोंगर सुरू झाला तसे खड्डे आले. ट्रकांच्या चाकांनी पाडलेल्या घळी, मध्ये दगड. पिकअप त्यांतून अशी गेली की मागच्या आरशाला लटकवलेलं फडकं फक्त डुलत राहिलं. बनवलेलं सगळं बरोबर होतं. फक्त त्याचा एक खांदा दुखायला लागला. परतताना नाही दुखणार, असं मनात म्हणत त्याने तो सबंध रस्ता ओढून धरलेल्या हाताने पार केला.

खाणीच्या वस्तीत सारख्या घरांच्या रांगा होत्या, दगडाच्या पांढऱ्या भुकटीने मळलेल्या. मुलीचं घर कुठलं ते विचारायला तो एका ट्रकपाशी थांबला.

"नर्सबाईंचं? म्हणजे मावशींकडे," ड्रायव्हर म्हणाला. "ते बघा, ताडपत्र्या वाळताहेत तिथे."

अंगणात ताडपत्र्या पसरलेल्या होत्या. पडवीत एक दणकट शिलाई मशीन होतं आणि त्याच्यामागे ती बसली होती. डोळ्यांवर चष्मा. तिने मान वर केली, त्याला पाहिलं, पण हातातली शिवण टोकापर्यंत नेली आणि मगच पाय थांबवला.

"कळवायचं तरी," ती म्हणाली.

"गाडी झाली, फोनवर म्हणालो होतो की."

"गाडी झाली म्हणालात. येतो कुठे म्हणालात?"

तिने पाणी आणून दिलं. मुलगी कामावर होती, नात शेजारी खेळायला. खाणीतल्या ट्रकांच्या ताडपत्र्या वाऱ्याने फाटतात. आधी एकाने शिवून मागितली, मग दुसऱ्याने, असं तिने सांगितलं. ती बोलत असतानाच एक ट्रकवाला येऊन दुमडलेली ताडपत्री टाकून गेला. "मावशी, परवा द्याल ना? तेव्हा तुम्हालाही वरच्या खाणीवर सोडतो, तिकडची मापंही घ्यायची आहेत."

"ट्रकमधून जातेस तू?" मिस्त्रीने विचारलं.

"जावं लागतं."

"या रस्त्यावर?"

"याहून वाईट आहे तो."

"आणि पाठ?"

ती चष्मा पुसत होती. "पाठ कधीच बरी झाली. तुम्ही विचारायचात, मी म्हणायचे, आहे. आहेच की, कुठे गेली?" ती जराशी हसली, तो हसला नाही हे पाहून थांबली.

मिस्त्री गाडीकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "बसून तरी बघ."

ती पदराला हात पुसत आली, सवयीने स्टेअरिंगच्या बाजूला गेली, मग वळसा घालून शेजारच्या सीटवर चढली. त्याने गाडी वस्तीबाहेरच्या वाटेला घातली. खड्डे आले. तिने धरायला हात वर नेला आणि धरायची गरज नाही हे कळल्यावर मांडीवर ठेवला.

"मऊ झालीय," ती म्हणाली. "आर्म लांब घेतलेत?"

"हो."

"आणि टायरॉडची जागा खाली?"

"दोनदा कापावी लागली."

वाट जरा बरी झाली तेव्हा त्याने स्टेअरिंग सैल सोडलं. गाडी सरळ जात होती. अगदी सरळ नाही. किंचित, त्याच्या बाजूला जड.

"वाळू जास्त भरलीत," ती म्हणाली.

त्याने चमकून पाहिलं.

"पोत्यात. मी नव्हते, म्हणजे पोतंच ठेवलं असणार. माझं वजन एवढं नाही आता. आणि येताना ओढलं असेल पुष्कळ. खांदा चोळताय मघापासून."

त्याने गाडी बाजूला घेतली. खाली खाणीत कुठेतरी मशीन चालू होतं आणि त्याचा आवाज पत्र्यातून सीटपर्यंत येत होता. समोरासमोर नव्हते, शेजारी होते. दोघं काचेतून पुढे बघत होते. त्यामुळे त्याला विचारता आलं.

"येतेस ना?"

"नाही."

तिने ते रागाने म्हटलं नाही. मग म्हणाली, "किती वर्षं मी गाड्यांत बसले. तुम्ही हाक मारली की चढायचे. लाल, पांढरी, जीप, पिकअप. डावीकडे घे, मध्ये आण. एकही गाडी मला घेऊन कुठे गेली नाही. चाकं सरळ झाली की उतर म्हणायचात."

"ही तुझ्यासाठीच केली."

"कळलं मला. बसल्याबरोबर कळलं."

"मग?"

"मला परत न्यायलाच केलीत ना. तिकडे जाऊन पुन्हा काय, तर हाक आली की चढायचं." ती खिडकीकडे वळली. "इथे लोक माझ्याकडे काम घेऊन येतात. तुम्ही या ना. येत जा अधूनमधून."

"एकटा आलो की ओढते गाडी."

"मग एकट्याची करून घ्या."

हे तिने अगदी साधेपणाने सांगितलं. कितीतरी माणसांना त्याने स्वतः हेच सांगितलं होतं, याच सुरात.

मुलीच्या घरी परतल्यावर तिने पडवीत ठेवलेल्या उरलेल्या फरश्या आणल्या, त्यांच्यामध्ये तेल सोडलं आणि चाकांखाली जोडीजोडीने सरकवल्या. त्याच्या सीटखालची अवजारं काढली. शिवणाचा जाड दोरा चाकांच्या बाजूने ताणला. तो खाली वाकायला लागला तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही कुठे चाललात? बसा वर."

"खाली मला जावं लागेल."

"वजन कुणाचं लावायचंय? तुमचं. मग तुम्ही वर. मी बघते."

"तुला जमेल?"

"इतकी वर्षं वरून ऐकत होते की."

तिने एक जुनी ताडपत्री अंथरली आणि त्यावर पाठ टेकून गाडीखाली गेली. तो स्टेअरिंगसमोर बसला. शेजारची सीट रिकामी. त्याला फक्त पान्याचा आवाज ऐकू येत होता, आणि तिचा श्वास.

"स्प्रिंगची बैठक फिरवतेय, तुमच्या बाजूची," खालून आवाज आला. "किती?"

"थोडी. पुरे. आता गाडी हलव, बसू दे."

तिने बाहेर येऊन बंपर धरून गाडी वर-खाली हलवली, परत गेली.

"उजवीकडे घ्या."

"घेतलं."

"मध्ये आणा. हलू नका."

"हललो नाही."

"हललात. दोरा सांगतोय."

तो हलला होता. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून तो ताठ बसून राहिला. समोरच्या घराच्या भिंतीवर पांढरी भुकटी होती आणि कुणीतरी बोटाने त्यात एक चाक काढलेलं होतं, आऱ्यांसकट. तो त्याच्याकडे बघत राहिला. एकेक करून तिने टायरॉडचे नट आवळले. शेवटी कापडावर खुणा करायचा निळा खडू घेतला आणि प्रत्येक नटावरून दांडीपर्यंत एक रेघ ओढली. नट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. ही त्याचीच पद्धत होती.

"झालं," ती म्हणाली. "उतरा."

मुलगी आली, जावई आला, नातीने "हॅलो आला" म्हणून सगळ्या रांगेला सांगितलं. जेवणात त्याला दोनदा वाढलं गेलं आणि त्याने दोन्ही वेळा नको म्हटलं नाही. राहण्याचा आग्रह झाला, तो राहिलाही. सकाळी तो निघाला तेव्हा बायको मशीनवर होती. ती दारापर्यंत आली. "हळू जा," म्हणाली. "हातात स्टेअरिंग आवळून धरू नका, गरज नाही आता."

डोंगर उतरल्यावर तो थांबला आणि गाडीखाली वाकून बघितलं. निळ्या रेघा सगळ्या अखंड होत्या. एकही नट हलला नव्हता. तिचा हात त्याच्याहून हलका होता, तरी पक्का होता.

पुढे सपाट रस्ता लागला. दोन्ही बाजूंना मोकळी जमीन, समोर कुणी नाही. त्याने जरा वेळ वाट पाहिली, मग दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. गाडी सरळ चालत राहिली. त्याच्या वजनावर, शेजारच्या रिकाम्या सीटसकट, कुठल्याही अंगाला न झुकता. खांद्यावर काहीच नव्हतं. गिऱ्हाइकांना असंच वाटत असेल का, असा विचार त्याच्या मनात आला. इतक्या वर्षांत ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्याने स्टेअरिंग परत धरलं. धरायची गरज नव्हती, पण हात नुसते ठेवायचे तरी कुठे.